परदेशातलं बँक खातं, गावातला पॅन आणि दरवर्षी आपोआप येणारी माहिती

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातातलं एखादं बँक खातं नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं बोटीवर आहेत, त्यांची खाती कुठे सिंगापूरला, कुठे दुबईला. नोकरी संपते, माणूस सामान बांधून गावी येतो, घर बांधतो, बाग घेतो. खातं मात्र तिथेच राहतं. थोडे पैसे शिल्लक असतात, कधी मुलाच्या सोयीसाठी ते चालू ठेवलेलं असतं.

हे खातं आता भारताच्या आयकर विभागाला दरवर्षी कळतं. कुणी तक्रार करावी लागत नाही, चौकशीही लागत नाही. मी चिपळूणला रिटर्न भरण्याचं काम करतो, आणि विभागाचा मेसेज आल्यावर धास्तावून येणारी माणसं पाहतो. त्यातल्या बहुतेकांचा पैसा घामाचा असतो. चूक असते ती रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता रिकामा सोडल्याची. परदेशात नोकरी करताना कमावलेल्या पैशाचं खातं परत आल्यावरही ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची परवानगी आहे. त्रास होतो तो फक्त न सांगितल्याचा. म्हणून ही सगळी यंत्रणा कशी चालते आणि आपण कुठल्या टप्प्यावर काय करायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

माहिती जाते कशी

ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१४ मध्ये एक सामाईक नियमावली मंजूर केली. तिला सगळे सीआरएस म्हणतात. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी बर्लिनला ५१ देश-प्रदेशांनी त्यासाठीच्या करारावर सह्या केल्या. भारताने ३ जून २०१५ रोजी केली. प्रत्यक्ष देवाणघेवाण सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि भारत त्या पहिल्या तुकडीत होता. ब्रिटनही त्याच वर्षी. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर २०१८ मध्ये आले, ओमान २०२० मध्ये. स्वित्झर्लंडची पहिली यादी भारताला सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाली. आज शंभराहून जास्त देश-प्रदेश यात आहेत. अमेरिका यात नाही. तिचा फॅटका नावाचा स्वतःचा कायदा आहे आणि त्याखाली भारताशी वेगळा करार ९ जुलै २०१५ रोजी झालेला आहे.

चक्र असं फिरतं. दुबईतली बँक आपल्या खातेदारांत ‘कराच्या दृष्टीने दुसऱ्या देशाचे रहिवासी’ कोण ते वेगळं काढते. ३१ डिसेंबरची स्थिती धरून ती यादी तिथल्या सरकारला देते. ते सरकार देशवार गठ्ठे करून पुढच्या सप्टेंबरअखेर ज्याच्या त्याच्या देशाला पाठवतं. गठ्ठ्यात असतं ते हे: नाव, पत्ता, जन्मतारीख, कर ओळख क्रमांक (आपल्यासाठी पॅन), खाते क्रमांक, बँकेचं नाव, वर्षअखेरची शिल्लक, वर्षभरात जमा झालेलं व्याज, लाभांश, आणि शेअर-रोखे विकले असतील तर त्याची रक्कम. इस्लामी बँकेत व्याजाऐवजी नफा जमा होतो, तोही कळवला जातो. वर्षात खातं बंद केलं असेल तर बंद केल्याची नोंद जाते. प्रत्येक व्यवहाराची यादी मात्र जात नाही. तुम्ही गावी किती वेळा पैसे पाठवले हे या कागदावर नसतं.

बचत खातं, मुदत ठेव, डिमॅट, म्युच्युअल फंड, रोख मूल्य असलेली विमा पॉलिसी हे सगळं यात येतं. शारजातला फ्लॅट यात येत नाही, कारण ते वित्तीय खातं नव्हे. पण रिटर्नमध्ये तो दाखवावाच लागतो. व्यक्तीच्या खात्याला किमान रकमेची सवलतही नाही, अगदी किरकोळ निष्क्रिय खात्यांचा अपवाद सोडला तर. जुन्या खात्यांत १० लाख डॉलरच्या वर शिल्लक असेल तर बँकेने जास्त खोलात तपासायचं, एवढाच रकमेचा फरक.

आधी तुमचा दर्जा ठरवा

सगळा खेळ ‘तुम्ही कोणत्या देशाचे कर-रहिवासी’ या एका गोष्टीवर आहे. पासपोर्ट भारतीय आहे, रेशनकार्डावर नाव आहे, मतदान गुहागरला आहे, याने ते ठरत नाही. दिवस मोजावे लागतात, आणि ते १ एप्रिल ते ३१ मार्च असे.

आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त भारतात, तर तुम्ही रहिवासी. दुसरी कसोटी ६० दिवसांची: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीयाला आणि भारतीय जहाजावर जाणाऱ्या खलाशाला त्या वर्षी ही ६० ची कसोटी लागत नाही. बाहेर राहून सुट्टीला येणाऱ्याला साधारणपणे १८२ चीच मर्यादा आहे. पण त्याचं परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं करपात्र उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते.

आपल्याकडे हे १२० दिवस नकळत भरतात. मे महिन्यात आंब्याला आणि लग्नांना येणं, ईदला किंवा गणपतीला येणं, मध्ये आईच्या आजारपणात महिनाभर थांबणं. बेरीज करून बघा. १५ लाखांच्या हिशोबात काय धरायचं हेही नीट पाहा: हापूसच्या बागेचं शेती उत्पन्न करमुक्त असल्याने ते त्यात येत नाही, एनआरई (अनिवासीच्या परदेशी कमाईच्या) ठेवीचं करमुक्त व्याजही नाही. होम स्टेचं भाडं, एनआरओ (अनिवासीच्या भारतातल्या कमाईच्या) ठेवीचं व्याज, दुकानाचा गाळा, शेअर विकून झालेला नफा हे येतं. याच १५ लाखांच्या वर असलेला आणि जगात कुठेच कर लागू नसलेला भारतीय नागरिक एक दिवसही इथे न राहता रहिवासी मानला जातो. आखातातल्या मोठ्या व्यावसायिकांनी आणि बोटीवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हा नियम आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्यावा.

मग येतो मधला दर्जा, ज्याला रिटर्नमध्ये आरएनओआर म्हणतात: रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही. आधीच्या १० पैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी होता, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून ७२९ दिवस किंवा त्याहून कमी भारतात होता, तर हा दर्जा मिळतो. समजा, पंधरा वर्षं कुवेतला राहून आणि दरवर्षी सुट्टीला येऊन-जाऊन एक जण १० एप्रिल २०२३ ला कायमचा पावसला परतला. २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन वर्षं तो आरएनओआर. या काळात कुवेतच्या ठेवीवरच्या व्याजाला भारतात कर नाही, आणि रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता भरण्याची सक्तीही नाही. २०२५-२६ पासून दोन्ही लागू.

इथेच गोंधळ होतो. कुवेतच्या बँकेच्या लेखी तो भारताचा रहिवासी झालेला असतो, त्यामुळे ती माहिती पाठवतेच. इकडे विभागाला खातं दिसतं, रिटर्नमध्ये तक्ता रिकामा. मेसेज येऊ शकतो. अशा माणसाने घाबरून तक्ता भरत सुटू नये. रिटर्नमध्ये आरएनओआर हा पर्याय बरोबर निवडला होता ना, ते पाहावं आणि दिवसांचा हिशोब उत्तरात द्यावा. तो पर्याय चुकून ‘सामान्य रहिवासी’ असा दिला असेल तर दुरुस्ती करावी.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून इथे कलमं दिलेली नाहीत; दिवसांच्या कसोट्या त्याच आहेत.

बँकेत सही करता तो कागद

खातं उघडताना बँक एक स्वयंघोषणापत्र घेते. बहुतेक जण ते बाकीच्या वीस सह्यांबरोबर न वाचता करतात. पण बँक कुणाची माहिती कुठे पाठवणार हे त्या एका पानावर ठरतं, म्हणून त्यातला प्रत्येक रकाना वाचा.

‘कर-रहिवासाचा देश’ हा पहिला रकाना. नागरिकत्व लिहू नका. अमिरातीत राहून नोकरी करणारा आणि भारतात अनिवासी असलेला माणूस तिथे अमिराती लिहील. दोन देशांचे रहिवासी असाल तर दोन्ही लिहा. दुसरा रकाना कर ओळख क्रमांकाचा: भारतासाठी पॅन, आधार नव्हे. ज्या देशात असा क्रमांकच दिला जात नाही, तिथे तसं कारण निवडायची सोय फॉर्मवर असते. नाव पॅनवर आहे तसंच लिहा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, पॅनवर फक्त आद्याक्षर, बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, असं आपल्याकडे सर्रास असतं. जुळणी नाव, जन्मतारीख आणि पॅनवर होते. यातलं काही चुकलं तर तुमची माहिती भलत्याच्या नावावर किंवा भलत्याची तुमच्या नावावर चिकटू शकते. ते निस्तरायला महिने जातात.

कायमचे परत आलात की परदेशी बँकेला लेखी कळवून नवं घोषणापत्र द्या. न कळवल्याने माहिती थांबते असं समजू नका. भारतातला पत्ता, भारतातला फोन नंबर, दरमहा भारतातल्या खात्यात पैसे पाठवण्याची कायमची सूचना, भारतात राहणाऱ्या भावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र, यातली एकही खूण दिसली की बँकेला खुलासा मागावा लागतो, आणि तो मिळाला नाही तर ती भारताच्या यादीत नाव टाकते.

त्याच सुमारास इथल्या बँकेचंही उरका: एनआरई खातं रहिवासी किंवा आरएफसी (रहिवाशाच्या परकीय चलनाच्या) खात्यात बदलून घ्या.

संयुक्त खातं: सगळ्यात जास्त अडचण इथेच

गुहागरचे निवृत्त शिक्षक. मुलगा दोह्याला. वडील तिकडे दोन महिने राहून आले तेव्हा मुलाने सोय म्हणून त्यांचं नाव आपल्या खात्यात जोडलं. वडिलांनी त्या खात्यातून एक रियालही काढलेला नाही. इकडे पेन्शनचं रिटर्न ते दरवर्षी आयटीआर-१ या साध्या फॉर्ममध्ये भरतात.

सीआरएसमध्ये संयुक्त खात्याची पूर्ण शिल्लक प्रत्येक खातेदाराच्या नावावर धरतात, निम्मी-निम्मी नाही. मुलगा कतारचा रहिवासी, त्यामुळे त्याच्याबद्दल काही जात नाही. वडील भारताचे रहिवासी, त्यामुळे भारताकडे जातं ते वडिलांचं नाव आणि सगळी शिल्लक. वर्षअखेरीला १,००,००० रियाल असतील आणि दर २३ रुपये धरला, तर पेन्शनर मास्तरांच्या पॅनसमोर २३ लाख रुपये उभे राहतात.

करायचं काय? परदेशी खातं असेल तर आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ चालत नाही. आयटीआर-२ भरायचा (व्यवसाय असेल तर आयटीआर-३) आणि त्यातल्या ‘शेड्यूल एफए’ या तक्त्यात खातं दाखवायचं. व्याज मुलाच्या पगाराच्या पैशावरचं आहे, म्हणून ते वडिलांच्या उत्पन्नात धरायचं कारण नाही. पण पैसा मुलाच्या पगारातूनच आला हे दाखवणारी बँक विवरणं आणि पगाराचे कागद वडिलांच्या फाइलला हवेत. नाव काढून घ्यायचं ठरवलं तरी ज्या कॅलेंडर वर्षात ते एक दिवसही खात्यावर होतं, त्या वर्षासाठी तक्ता भरावा लागतो. नाव खातेदार म्हणून नसून फक्त सही करण्याचा अधिकार असेल तर त्यासाठी त्याच शेड्यूलमध्ये वेगळा भाग आहे.

मुलांनो, आई-वडिलांचं नाव जोडण्याआधी त्यांच्या रिटर्नचा विचार करा. ती माणसं ७० व्या वर्षी अशा मेसेजने रात्र-रात्र झोपत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

शेड्यूल एफए कसं भरायचं

पहिली गोष्ट, वर्ष. रिटर्न एप्रिल ते मार्चचं, पण हा तक्ता जानेवारी ते डिसेंबरचा. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ ची माहिती. म्हणून बँकेकडून विवरण कॅलेंडर वर्षाचंच मागा.

बँक खात्यासाठी लागतं ते असं: देश, बँकेचं नाव-पत्ता, खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, तुम्ही मालक की लाभार्थी, वर्षातली सर्वात मोठी शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक, आणि जमा झालेलं व्याज. सर्वात मोठी शिल्लक शोधायला पूर्ण विवरण चाळावं लागतं. ग्रॅच्युइटी जमा झाली त्या दिवशी १,४०,००० रियाल होते आणि आठवड्याने ते एनआरई खात्यात पाठवले, तरी रकान्यात १,४०,००० च येणार. रुपयांत बदलताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) धरतात, त्या त्या तारखेचा. विमा, शेअर, स्थावर मालमत्ता, कंपनीतला हिस्सा यांना वेगवेगळे भाग आहेत. शारजाच्या फ्री झोनमधल्या कंपनीत भागीदार असाल तर कंपनीच्या खात्यामागचा माणूस म्हणूनही तुमचं नाव येऊ शकतं, तेव्हा तो हिस्सा विसरू नका.

खातं दाखवणं आणि उत्पन्न दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याज मिळालं असेल तर ते परदेशी उत्पन्नाच्या शेड्यूलमध्येही येतं, आणि तिकडे कर कापला असेल तर त्याची सवलत मागायला फॉर्म ६७ भरावा लागत आला आहे.

न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड लावता येतो. स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड नाही. ही सवलत दंडाची आहे. तक्ता भरण्याची जबाबदारी ५०० दिऱ्हमच्या खात्यालाही तशीच आहे. पैशाचा उगमच सांगता आला नाही तर मामला वेगळा: ३० टक्के कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड.

उलटी वाट: इथलं खातं, तिकडचा कर

ब्रिटन, कॅनडात स्थायिक झालेल्यांनी हा भाग सोडू नये. भारतातल्या बँका, म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्याही अनिवासींची यादी दरवर्षी ठरलेल्या फॉर्ममध्ये (जुन्या कायद्यात तो फॉर्म ६१बी) देतात, ३१ मेपर्यंत, आणि ती त्या त्या देशाकडे जाते. प्राप्तिकरच नसलेले काही देश अशी माहिती नुसती पाठवतात, घेत नाहीत. ब्रिटन आणि कॅनडा घेतात. खेडच्या शाखेतल्या एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी ब्रिटनच्या रहिवाशाला ते तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. ‘दुसऱ्या देशाचे कर-रहिवासी आहात का’ या प्रश्नापुढे सवयीने ‘नाही’ वर खूण करू नका. खोट्या घोषणेमुळे यादी चुकली तर बँकेला दर खात्यामागे ५,००० रुपये दंड होतो आणि तो खातेदाराकडून वसूल करायची मुभा बँकेला आहे.

बोटीवरच्यांसाठी

भारतीय बंदरातून परदेशी सफरीला निघणाऱ्याचे दिवस सीडीसी या खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत वजा होतात. विमानाने जाऊन परदेशी बंदरात बोट धरणाऱ्याचे दिवस पासपोर्टच्या शिक्क्यावर. अनिवासी खलाशाचा परदेशी जहाजावरचा पगार एनआरई खात्यात जमा झाला, एवढ्याने तो भारतात करपात्र होत नाही, हे आयकर विभागाच्या २०१७ च्या १३ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट आहे. खलाशी पुष्कळदा कुठल्याच देशाचा कर-रहिवासी नसतो, आणि परदेशी बँक पत्ता देवरुखचा पाहून माहिती भारताला पाठवते. त्यात भिण्यासारखं काही नाही. दर वर्षाच्या सीडीसीच्या पानांची प्रत आणि पासपोर्टच्या सगळ्या पानांची प्रत त्या वर्षाच्या रिटर्नला लावून ठेवा. पासपोर्ट नवा झाला तरी जुना फेकू नका.

मेसेज आला तर

२०२४ च्या शिलकेची माहिती सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात आली, २८ नोव्हेंबरपासून मेसेज जायला लागले, आणि सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणजे मेसेज आल्यावर हातात जेमतेम महिना. त्याआधीच्या वर्षी अशाच मोहिमेत २४,६७८ जणांनी आपली रिटर्न्स पुन्हा तपासली आणि २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता दाखवली गेली. विभागाचा हेतू त्या टप्प्यावर आठवण देण्याचा असतो. दंडाची नोटीस वेगळी असते.

मेसेजमधली लिंक दाबू नका, या नावाने फसवणूकही चालते. आयकर पोर्टलवर स्वतः लॉगिन करून बघा. खातं तुमचं आणि तक्ता राहिला असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरा. खातं तुमचं नसेल तर लेखी तसं कळवा आणि नाव-पॅनचा घोळ कुठे झाला ते बँकेकडून काढा. मुदत टळली असेल तर एकट्याने काही भरू नका. आधी सीएला सगळी वर्षं एकत्र दाखवा.

आणि खातं बंद करायला जाल तेव्हा काउंटरवरून उठण्याआधी गेल्या ७-८ वर्षांची कॅलेंडर वर्षांप्रमाणे शिक्क्याची विवरणं आणि बंद केल्याचं पत्र घ्या. एकदा खातं बंद झालं की गावातून फोन करून ते कागद मिळवणं फार कठीण जातं.